बारा गाठी आणि तेरावी

सुरुवातीलाच सांगून टाकतो: या लेखातला रुग्ण ही कोणी एक व्यक्ती नाही. चरबीच्या गाठी घेऊन येणाऱ्यांचं जे चित्र सर्जनला नेहमी दिसतं, ते एका माणसाच्या रूपात इथे मांडलं आहे. वैद्यकीय बाबी मात्र जशा असतात तशाच ठेवल्या आहेत.

वय ४६, पुरुष. बैठं काम. वजन ७० किलो. मधुमेह नाही, उच्च रक्तदाब नाही, रक्त पातळ करणारी कुठली गोळी चालू नाही. तक्रारी दोन. उजव्या हाताच्या कोपराखाली दोन बारीक गाठी होत्या, टेबलाच्या कडेला टेकल्या की कळ यायची. आणि पाठीवरची एक गाठ चार दिवसांत लाल होऊन ठणकायला लागली होती. बाकीच्या गाठींबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. "त्या आमच्या घराण्यातल्याच आहेत," असं म्हणून ते हसले. वडिलांना होत्या, थोरल्या भावाला आहेत. यांना पंचविशीत पहिली आली, तिशीनंतर एकेक वाढत गेली. एकीनेही कधी त्रास दिला नव्हता.

शिकाऊ डॉक्टरने दोन्ही हात आणि पोट पाहून केसपेपरवर 'अनेक लायपोमा', म्हणजे चरबीच्या साध्या गाठी, असं लिहून टाकलं होतं. त्याला दोष देत नाही. घराण्यातून आलेल्या अनेक गाठी, मऊ, हातांवर आणि धडावर पसरलेल्या, मान आणि खांदे मात्र मोकळे: असं चित्र समोर आलं की माझ्याही मनात पहिला शब्द तोच येतो. घरातल्या अनेकांना पिढ्यान् पिढ्या अशा गाठी येण्याचा प्रकार वैद्यकाला चांगला ठाऊक आहे. पण कपडे उतरवून, पेनाने खुणा करत, गाठी मोजायच्या अजून राहिल्या होत्या.

मोजल्या तेव्हा बारा भरल्या. तेरावीचा उल्लेख त्यांच्या पत्नीने केला.

बोटांना काय कळतं

लायपोमा म्हणजे पूर्ण वाढ झालेल्या चरबीपेशींची साधी, कर्करोग नसलेली गाठ. साधारण शंभरात एका माणसाला ती असते आणि चाळिशी ते साठीच्या दरम्यान सर्वाधिक आढळते. शरीरातल्या मऊ ऊतींच्या गाठींमध्ये हिच्याइतकी सर्रास भेटणारी दुसरी नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातली चरबी आणि पोटावरची नेहमीची चरबी यांत फारसा फरक दिसत नाही. तरीही वजन घटवून ही गाठ विरघळत नाही. उलट भोवतालची चरबी ओसरली की जास्त उठून दिसते, आणि मग 'बारीक झालो आणि गाठी वाढल्या' अशी तक्रार घेऊन माणूस येतो.

तिची ओळख बहुतेक वेळा बोटांनीच पटते. गाठीच्या कडेवर एका बोटाने हलकेच दाबायचं. लायपोमाची कड बोटाखाली ठरत नाही, निसटते. वरची कातडी चिमटीत धरली तर गाठीपासून सुटी उचलता येते. गाठ एका बाजूला सरकवली की वरच्या कातडीवर बारीक खळ्या पडतात, कारण गाठीच्या आवरणातून काही तंतू कातडीपर्यंत गेलेले असतात. हाताला ती मळलेल्या कणकेसारखी लागते. कधीकधी इतकी मऊ असते की आत पाणी आहे असाच भास होतो. विद्यार्थी परीक्षेत इथे हमखास फसतात आणि पाण्याची गाठ म्हणून मोकळे होतात.

या माणसाच्या बारा गाठींपैकी नऊ अशा होत्या. अर्धा ते चार सेंटीमीटर, मऊ, निसटणाऱ्या, न दुखणाऱ्या. त्या लायपोमा. कोणती तपासणी लिहिली नाही. प्रत्येक मऊ गाठीची सोनोग्राफी करायची सवय हल्ली वाढली आहे. शंका असेल तिथे ती जरूर करावी. पण बोटाखालून स्पष्ट निसटणाऱ्या दोन सेंटीमीटरच्या, वर्षानुवर्षं तेवढ्याच राहिलेल्या गाठीबद्दल सोनोग्राफी नवं काही सांगत नाही.

दहावी पाठीवरची. ती लायपोमा नव्हतीच. तिच्या मधोमध एक बारीक काळा ठिपका होता आणि कातडी त्या ठिकाणी गाठीला चिकटलेली होती. वेगळी उचलायला गेलं की गाठच सोबत येत होती. ही एपिडर्मॉइड सिस्ट. बोलीत हिलाही लोक चरबीची गाठच म्हणतात, आणि जुन्या पुस्तकांत ती 'सेबेशियस सिस्ट' म्हणून येते. दोन्ही नावं चुकीची. आत चरबी नसते, तैलग्रंथीचा स्रावही नसतो. असतं ते केराटिन, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातून झडणारं द्रव्य, जे बाहेर पडायच्या ऐवजी आतल्या पिशवीत साठत गेलेलं असतं. म्हणूनच ते पांढरट, दह्यासारखं घट्ट आणि कुबट वासाचं असतं.

ती लाल का झाली, हे विचारल्यावर जरा वेळाने उत्तर मिळालं. कोणीतरी दोन अंगठ्यांमध्ये धरून ती पिळली होती. थोडं बाहेर आलं आणि सगळ्यांना बरं वाटलं. पण अशा पिळण्यात पिशवी बाहेरच्या तोंडाकडे जितकी रिकामी होते, तितकीच आतल्या बाजूला फुटते. केराटिन भोवतालच्या ऊतीत सांडलं की शरीराला ते परकं वाटतं आणि दाह पेटतो. या लालीमागे दर वेळी जंतू असतातच असं नाही, त्यामुळे अँटिबायोटिकचा कोर्स देऊन ती उतरेलच याची खात्री नसते. सुजलेली सिस्ट त्याच दिवशी मुळासकट काढायला गेलं तर पिशवीची भिंत हातात धडपणे येत नाही, तुकडे मागे राहतात, गाठ परत येते. पू साठला असेल तर लहानशी चीर देऊन तो वाहू द्यायचा, दाह पूर्ण ओसरू द्यायचा आणि मग चारसहा आठवड्यांनी पिशवीसकट काढायची. इथे तसंच ठरलं.

अकरावी आणि बारावी म्हणजे कोपराखालच्या त्या दोन. प्रत्येकी सेंटीमीटरभर. निसटत होत्या, पण बाकीच्यांहून किंचित टणक होत्या आणि दाबल्यावर माणूस हात मागे ओढत होता. साधा लायपोमा सहसा दुखत नाही. लहान, तरुणपणी आलेली, कोपराखालच्या भागातली दुखरी चरबीची गाठ म्हटलं की अँजिओलायपोमाचा विचार करायचा. हिच्यात चरबीबरोबर केशवाहिन्यांचं जाळं असतं आणि त्या वाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या दिसतात. या गाठीही निरुपद्रवी. दुखते म्हणजे वाईट आणि दुखत नाही म्हणजे चांगली, हा घराघरातला हिशेब इथे साफ उलटा पडतो. हे पुढे पुन्हा येणार आहे.

अंगभर दुखणाऱ्या चरबीच्या गाठींचा एक वेगळा, किचकट आजारही आहे. फ्रान्सिस डर्कम या अमेरिकी मज्जाविकारतज्ज्ञाने त्याचं वर्णन १८९२ साली विस्ताराने केलं. तो जास्त करून स्थूल, मध्यमवयीन स्त्रियांत दिसतो आणि त्यातलं दुखणं महिनोन्‌महिने चालतं. आणखी एका आजारात मान, खांदे आणि दंड यांवर दोन्ही बाजूंना सारखी, आवरण नसलेली चरबी साचते. त्याचा दीर्घकाळच्या मद्यपानाशी संबंध आहे. आमच्या रुग्णात या दोन्हीपैकी काही नव्हतं.

तेरावी

"मांडीचं सांगितलंत का?" पत्नीने विचारलं. ते म्हणाले, "ती जुनीच आहे. सगळ्यांसारखीच. फक्त मोठी."

डाव्या मांडीच्या पुढच्या, बाहेरच्या अंगाला उंचवटा होता. उभं राहिल्यावर कळत होता, आडवं झाल्यावर पसरून जात होता. मऊ होती खरी. पण कड शोधायला गेलं तर बोटाला कड लागेना. पाय गुडघ्यात सरळ ठेवून वर उचलायला सांगितला. मांडीचा स्नायू ताठ झाला तशी गाठ अर्धी गडप झाली, आणि जी उरली ती जागची हलेना. पाय सैल सोडला की परत वर.

ही साधी युक्ती आहे आणि तिला काही खर्च नाही. गाठ कातडीखालच्या चरबीत असेल तर स्नायू ताठ झाल्यावर तिला खालून घट्ट बैठक मिळते आणि ती जास्त उठून दिसते. स्नायूच्या आत किंवा खाली असेल तर लपते. त्वचेखालच्या बारा गाठींना जो नियम लागू होता तो हिला लागू नव्हता, कारण ती त्वचेखाली नव्हतीच.

किती दिवसांपासून? "सात-आठ वर्षं." वाढते आहे का? ते म्हणाले नाही. पत्नी म्हणाली, "दोन वर्षांपासून यांची पँट डाव्या पायात घट्ट होते. मी म्हटलं तर म्हणाले, कपडा आटला." टेपने मोजलं. गुडघ्याच्या वाटीपासून सारख्याच अंतरावर दोन्ही मांड्यांचे घेर घेतले, तर डावा साडेतीन सेंटीमीटरने जास्त. स्पर्शज्ञान, पावलातली नाडी आणि पायाची ताकद ठीक होती. जांघेत गाठी नव्हत्या. आणि दुखत? अजिबात नाही.

मऊ ऊतींच्या गाठीबद्दल सावध व्हावं अशा पाच गोष्टी आहेत. ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी असणं, वाढत असणं, स्नायूच्या आवरणाच्या खाली असणं, दुखणं, आणि एकदा काढल्यावर परत येणं. यातली एखादी गोष्ट असली म्हणजे गाठ वाईट असं मुळीच नाही. दुखऱ्या अँजिओलायपोमांचं वर आलंच आहे. पण मोठी, खोल आणि वाढती या तीन एकत्र आल्या की 'बघू पुढे' म्हणायची मुभा राहत नाही. इथे त्या तिन्ही होत्या. जी नव्हती ती होती वेदना, आणि नेमक्या त्याच आधारावर तो माणूस आठ वर्षं निश्चिंत होता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण रुग्णाने तोच प्रश्न विचारला: "साधीच होती, आता बिघडली का?" लायपोमा पुढे जाऊन कर्करोग होतो असं सहसा घडत नाही. बहुतेक वेळा तसली गाठ पहिल्या दिवसापासूनच वेगळी असते आणि केवळ लायपोमासारखी दिसत असते. म्हणून 'हिच्यात बदल होईल का' यापेक्षा 'ही त्यांच्यातली आहे का' हा प्रश्न जास्त कामाचा. ज्याच्या अंगावर एकही गाठ नाही तो मांडीतल्या उंचवट्याने घाबरून महिन्याभरात डॉक्टरकडे जातो. ज्याच्या अंगावर बारा आहेत तो तेरावीला तीच ओळख देऊन टाकतो. डॉक्टरही देतो. केसपेपरवरचे दोन शब्द मी खोडले नाहीत, पुढे एवढंच जोडलं: 'मांडी वेगळी.'

चित्र, सुई आणि ठिपके

त्वचेखालच्या गाठीसाठी सोनोग्राफी चांगली. लायपोमा तिच्यात कातडीला समांतर बारीक रेघा असलेला, आडवा लांबट दिसतो आणि डॉप्लरवर रक्तप्रवाह जवळजवळ नसतो. पण स्नायूत खोलवर असलेल्या एवढ्या मोठ्या गाठीचा अंदाज तिच्यावर सोडता येत नाही. एमआरआय केला.

एमआरआयची एक सोय अशी की चरबीचा संकेत मुद्दाम बंद करता येतो. साध्या चित्रात चरबी पांढरी दिसते. संकेत बंद केला की ती काळी पडते. गाठ निव्वळ चरबीची असेल तर ती अंगातल्या इतर चरबीबरोबर सगळीच्या सगळी काळी पडायला हवी. इथे व्हॅस्टस लॅटरॅलिस या मांडीच्या बाहेरच्या अंगाच्या स्नायूच्या आत १४ सेंटीमीटर लांबीची गाठ होती आणि ती बहुतांशी काळी पडली. बहुतांशी. आत जाड पडदे राहिले, काही २ मिलिमीटरहून जाड, आणि काँट्रास्ट दिल्यावर ते उजळले. रेडिओलॉजिस्टने दोन शक्यता लिहिल्या: स्नायूतला लायपोमा किंवा अटिपिकल लायपोमॅटस ट्यूमर, म्हणजे लायपोमासारखी दिसणारी पण त्या कुळातली नसलेली चरबीची गाठ. यापुढे चित्राची धाव नसते. स्नायूतल्या निरुपद्रवी लायपोमामध्येही स्नायूचे तंतू अडकून राहतात आणि ते हुबेहूब जाड पडद्यांसारखे दिसतात.

"मग काढूनच टाका ना," रुग्ण म्हणाले. हा मोह सर्जनलाही होतो. मोठी गाठ, मऊ, चित्रात बहुतेक चरबी, तासाभराचं काम. पण अहवालात काही वेगळं निघालं तर चुकीच्या दिशेने दिलेला छेद आणि अर्धवट काढलेली गाठ पुढच्या शस्त्रक्रियेची वाट अवघड करून ठेवतात. आधी बायोप्सी. आणि बायोप्सीसुद्धा, जी टीम पुढे शस्त्रक्रिया करणार तिनेच आखलेली. सुई पुढच्या छेदाच्या रेषेतूनच आत जायला हवी, म्हणजे सुईचा मार्गही गाठीबरोबर काढता येतो. हातापायांवर तो छेद उभा, म्हणजे अवयवाच्या लांबीच्या दिशेने असतो. जाड सुईने, एमआरआयमध्ये दिसलेल्या पडद्यांच्या भागातून, चार तुकडे घेतले. नुसत्या चरबीतून घेतले असते तर नुसती चरबीच आली असती.

पॅथॉलॉजिस्टला पडद्यांमध्ये काही मोठ्या, गडद, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या पेशी दिसल्या. थोड्याच. अशा वेळी निर्णय जनुकावर येतो. १२ क्रमांकाच्या गुणसूत्रावर एमडीएम-२ नावाचं जनुक असतं. ते पी-५३ या पेशींच्या पहारेकऱ्याला नामोहरम करणारं प्रथिन बनवतं. नेहमीच्या पेशीत त्याच्या दोनच प्रती असतात. फिश नावाच्या चाचणीत या जनुकाला चमकणारा रंग चिकटवतात. साध्या लायपोमाच्या पेशीत मोजून दोन ठिपके दिसतात. अटिपिकल गाठीच्या पेशीत ठिपक्यांचे पुंजके. गंमत म्हणजे साध्या लायपोमातही याच गुणसूत्राच्या त्याच टप्प्यावर बरेचदा उलथापालथ झालेली असते, पण शेजारच्या एचएमजीए-२ या जनुकात, आणि ती प्रती वाढण्याची नसते. इतक्या जवळ राहून दोन्ही गाठींच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत.

इथे पुंजके दिसले.

नावाचा प्रश्न

"म्हणजे कॅन्सर आहे का?" पत्नीने विचारलं. ते स्वतः गप्प होते.

या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर देता येत नाही, आणि शब्द टाळला तर आपण लपवतो आहोत असं वाटतं. ही गाठ पोटाच्या मागच्या भागात, मूत्रपिंडाच्या आसपास झाली तर तिला 'वेल-डिफरन्शिएटेड लायपोसार्कोमा' म्हणतात. हातापायात झाली तर 'अटिपिकल लायपोमॅटस ट्यूमर'. पेशी त्याच, जनुकातला बदल तोच. नावं दोन ठेवली ती जागेमुळे. पोटाच्या मागे ती पूर्ण काढणं फार कठीण असतं आणि ती पुनःपुन्हा येऊन जीवावर बेतू शकते. मांडीत ती बहुतेक वेळा पूर्ण निघते. नाव हे पेशींच्या वर्णनासोबत पुढे काय होणार याचंही सूचक असावं, असा हा विचार. मला तो पटतो, जरी पहिल्यांदा ऐकताना शब्दांचा खेळ वाटत असला तरी.

मी त्यांना सांगितलं ते असं. ही गाठ त्या बारा गाठींच्या कुळातली नाही. ती जागच्या जागी हळूहळू वाढते. आहे त्या रूपात राहिली तर शरीरात इतरत्र पसरत नाही. पण काढल्यावर काही जणांत परत येते, कधीकधी खूप वर्षांनी. आणि क्वचित एखादीचं रूप बदलून ती आक्रमक होते, तेव्हा मात्र पसरू शकते. त्यासाठी ती काढायची आणि त्यासाठीच नंतर लक्ष ठेवायचं. पाय वाचवायचा की जीव, असा हा प्रसंग नाही. त्यांनी दोन प्रश्न विचारले. चालता येईल ना, आणि बाकीच्या बारांचं काय.

काय काढलं, काय ठेवलं

मांडीची शस्त्रक्रिया पाठीच्या कण्यातून भूल देऊन झाली. उभा छेद, बायोप्सीच्या सुईचा मार्ग त्यातच. गाठ आवरणासकट, एकसंध, भोवतालच्या स्नायूची पातळ पट्टी जिथे सहज मिळाली तिथे घेऊन काढली. मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जपले. त्यांच्यावर पाणी सोडून रुंद कड मिळवण्यात या प्रकारात फायदा नसतो. काढलेल्या गाठीला दिशा कळावी म्हणून टाके घालून खूण केली, पोकळीत नळी ठेवली, ती तिसऱ्या दिवशी काढली. अंतिम अहवालातही निदान तेच राहिलं आणि आक्रमक रूपाचा भाग कुठे सापडला नाही. किरणोपचार या प्रकारात सरसकट देत नाहीत, इथेही दिले नाहीत. रुग्ण दुसऱ्या दिवशी आधाराने चालले.

लहान गाठींना यापुढे काम म्हणावं असं फारसं नव्हतं, पण त्यांच्याबद्दलचे निर्णय मला जास्त रोचक वाटतात. कोपराखालच्या दोन काढल्या, कारण त्या दुखत होत्या. कमरेवरची एक काढली, कारण पट्टा रोज तिच्यावर घासत होता. उरलेल्या आठ ठेवल्या. गाठ काढणं म्हणजे गाठीच्या बदल्यात व्रण घेणं. एक गाठ असलेल्या माणसाला तो सौदा पटू शकतो, आठ गाठी असलेल्याला आठ व्रण मिळतात, आणि पाच वर्षांत नव्या गाठी येणारच असतात. त्रास नसलेली, खात्रीने ओळखलेली लहान गाठ ठेवणं हाही उपचारच आहे.

काढायच्या तर जागेवर भूल देऊन. त्यातही दोन बारीक गोष्टी. पेनाने गाठीची कड आधी आखून घ्यायची, कारण औषध टोचल्यावर सगळीच जागा फुगते आणि मऊ गाठ त्यात हरवते. दुसरी औषधाच्या हिशेबाची. लिग्नोकेन हे भूल देणारं औषध साधं असेल तर किलोमागे ३ मिलिग्रॅम आणि अ‍ॅड्रिनलिनसह असेल तर ७ मिलिग्रॅम ही मर्यादा साधारणपणे धरतात. ७० किलोच्या माणसाला १ टक्क्याचं साधं औषध २१ मिलिलिटरच्या पुढे देऊ नये. एका बैठकीत पाचसात गाठी काढून देण्याचा आग्रह रुग्ण करतात तेव्हा हा आकडा डोळ्यांसमोर हवा. तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात गुंजारव ही औषध जास्त झाल्याची पहिली लक्षणं. झटके त्यानंतर येतात.

छेद गाठीपेक्षा लहान चालतो. कातडीच्या नैसर्गिक रेषेत चीर दिली, आवरणाच्या पातळीवर बोट किंवा बोथट कात्री फिरवून गाठ सुटी केली आणि बाजूंनी दाबलं की ती आपण होऊन बाहेर येते. लायपोमा काढण्यातला तो क्षण अजूनही समाधान देतो. एखादी पाकळी मागे राहिली तर गाठ परत येऊ शकते, म्हणून पोकळीत बोट घालून पाहायचं. तिन्ही गाठी तपासणीला पाठवल्या: दोन अँजिओलायपोमा, एक साधा लायपोमा. अंदाज बरोबर होता हे कळायलाही अहवाल लागतोच. पाठवलीच नाही ती गाठ कायमची अंदाजच राहते.

चिरफाड न करता काही होईल का, हेही त्यांनी विचारलं होतं. लायपोसक्शनने चरबी शोषून काढता येते, व्रण लहान राहतो. पण आवरण मागे राहिल्याने गाठ परत यायची शक्यता जास्त, आणि पॅथॉलॉजिस्टला अखंड गाठ मिळत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने लहान गाठ काही अंशी आकसते, कधी वरची कातडीही खळगा पडून फिकट होते. डीऑक्सिकोलिक आम्लाचं इंजेक्शन चरबीपेशी फोडतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये त्याला परवानगी दिली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी, लायपोमासाठी नव्हे. लेप, तेल, मालिश यांनी लायपोमा जात नाही. ज्या गाठीचं निदानच पक्कं नाही तिच्यात काहीही टोचू नये, एवढं मात्र मी आग्रहाने सांगतो. मांडीतल्या गाठीत कोणी सुरुवातीच्या वर्षांत असं इंजेक्शन दिलं असतं, तर ती थोडी लहान झाल्यासारखी वाटून आणखी काही वर्षं गेली असती.

जागेबद्दल एक पोटमुद्दा, या रुग्णाशी संबंध नसलेला. कपाळावरचा लायपोमा बहुधा कपाळाच्या स्नायूच्या खाली असतो, वरवरचा समजून सुरुवात केली तर शोधत बसावं लागतं. मानेच्या बाजूला काम करताना खांदा उचलणारा मज्जातंतू अगदी वरच्या थरातून जातो. आणि बाळाच्या कमरेच्या मधोमध, मणक्यावर असलेली चरबीची गाठ एमआरआय केल्याशिवाय कोणी हात लावू नये. तिचं मूळ आत मज्जारज्जूपर्यंत गेलेलं असू शकतं.

पाठीवरची सिस्ट सहा आठवड्यांनी काढली. काळ्या ठिपक्यासकट डोळ्याच्या आकाराचा कातडीचा तुकडा, त्याखाली न फुटलेली पिशवी. या सगळ्यात दुखून-खुपून सर्वात जास्त बोलबाला झाला तो तिचा, आणि उपचार सर्वात सोपा तिचाच.

सहा महिन्यांनी

मांडीचा व्रण बरा झाला आहे, गुडघा पूर्ण वाकतो, जिना चढताना डावा पाय किंचित आधी थकतो. दोन्ही मांड्यांच्या घेरांत आता डावाच सेंटीमीटरभर कमी. तपासणी दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा, आणि ती दीर्घकाळ. काही वेगळं हाताला लागलं तर एमआरआय.

यावेळी ते वहीचं एक पान घेऊन आले. माणसाची पुढची आणि मागची आकृती काढून त्यावर गाठींच्या जागा, आकडे, शेजारी प्रत्येकीचं माप. आम्ही आठ ठेवल्या होत्या, पानावर नऊ होत्या. नववी डाव्या हाताच्या कोपराखाली, पाऊण सेंटीमीटर, आणि तिच्यापुढे त्यांच्याच अक्षरात: 'नवी. सरकते. हात घट्ट केला की वर येते.'

मी तपासली. सरकत होती. सोबत त्यांचे थोरले भाऊ आले होते, त्यांनाही आत बोलावलं आणि आधी मांड्या पाहिल्या.